कोपर मोडले, हात राखायचा

पाच-सात वर्षांचे मूल पडते तेव्हा हात पुढे करते. तळहात जमिनीवर टेकतो, कोपर ताठ होऊन मागे रेटले जाते आणि अंगाचा सगळा भार दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावर येतो. नेमके तिथेच हे हाड सर्वांत दुबळे असते. कोपर पूर्ण वाकावे आणि पूर्ण सरळ व्हावे म्हणून त्या जागी हाडाला पुढून एक आणि मागून एक खळगा असतो, आणि दोन खळग्यांमधला पडदा अगदी पातळ राहतो. त्या वयात सांधे सैल असतात. कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे जाते, कोपराचे मागचे टोक मागच्या खळग्यात रुतते आणि त्याच्या वरचे हाड आडवे तुटते. मुलांच्या कोपराजवळच्या मोडींमध्ये ही मोड सर्वांत जास्त दिसते. दवाखान्यात तिला सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर म्हणतात. दर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक मुलांत तुटलेला खालचा तुकडा मागे सरकलेला असतो, आणि उजव्यापेक्षा डावा हात अधिक वेळा सापडतो.

वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले जुने गाव. गोल फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची तिथली बारव गावकऱ्यांनी साफ केली आणि गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोचले. इथे वालूरचा विचार करायचा आहे तो तिथल्या लेकरांसाठी. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावात लेकरू पडायला जागा कमी नाहीत: माळवदाचा जिना, उंच ओटा, चिंचेची फांदी, बैल सोडून उभी केलेली गाडी, पाय न पुरणारी सायकल. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप शेतात असतात आणि घरी आजी असते. लेकराचा हात कोपराशी सुजू लागतो, ते हाताला कोणाला शिवू देत नाही, आणि पहिला निर्णय त्या आजीला घ्यावा लागतो. लचक असेल म्हणून चोळायचे, आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावायचा, हाडवैद्याकडे न्यायचे, की गाडी बघून सेलूची वाट धरायची? पुढे कितीही निष्णात सर्जन भेटला तरी हाताचे भवितव्य बऱ्याच अंशी या पहिल्या काही तासांत ठरते. म्हणून शस्त्रक्रियेवरच्या या लेखनाची सुरुवात शस्त्रक्रियागृहात होत नाही, घराच्या ओसरीवर होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मोड हाडाची असली तरी खरा घोर हाडाचा नसतो. या वयातले हाड तीन-चार आठवड्यांत जुळून येते. या मोडीत ते जुळत नाही असे जवळजवळ होतच नाही. घोर असतो तो हाडाच्या अगदी पुढून उतरणाऱ्या रक्तवाहिनीचा आणि आजूबाजूने जाणाऱ्या तीन नसांचा. खालचा तुकडा मागे सरकला की वरच्या तुकड्याची धारदार कड पुढे येते आणि त्या रक्तवाहिनीवर चढते. कधी ती नुसती ताणली जाते, कधी मोडीच्या फटीत अडकते, क्वचित फाटते. हाड पूर्ण सुटलेले असेल तर दर शंभरातल्या दहा ते वीस मुलांच्या मनगटाला नाडी लागत नाही. दहातल्या सुमारे एका मुलाची एखादी नस दुखावलेली असते. शस्त्रक्रिया होते कोपरावर, पण ती केली जाते ती खालचा हात, म्हणजे बोटे, पंजा आणि पकड, राखण्यासाठी. हे एकदा ध्यानात आले की पुढच्या सगळ्या सूचना, तारा, प्लास्टर, 'चोळू नका' हा आग्रह, यांचा अर्थ लागतो.

रक्त अडले तर काय होते, हे १८८१ साली जर्मनीतल्या हाले शहराचे शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन व्होल्कमन यांनी लिहून ठेवले. घट्ट पट्ट्या बांधलेल्या हातांची बोटे पुढे आत वळून कायमची आखडतात हे सर्वांनी पाहिले होते, पण दोष नसांना दिला जात होता. व्होल्कमन यांनी सांगितले की स्नायूंचे रक्त तुटते, स्नायू मरतात आणि मेलेल्या स्नायूंच्या जागी आखडणारा चिवट धागा उरतो. हा माणूस मुलांचा सोबती होता. 'रिचर्ड लिआंडर' या टोपणनावाने त्याने लिहिलेल्या परीकथा जर्मन घरांत पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या. मुलांच्या हाताच्या सर्वांत वाईट व्यंगाला आज त्याचेच नाव आहे. रक्त पूर्ण अडले तर साधारण सहा तासांत स्नायू कायमचे जाऊ लागतात. नंतर हात जिवंत राहतो, पण मूठ उघडत नाही. अशा हाताने पाटीवर लिहिता येत नाही, कापसाचे बोंड वेचता येत नाही.

घट्ट बांधण्याचा धोका आपल्याकडे त्याच्याही फार आधी माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधायला तो सांगतो, आणि लगेच बजावतो की बंध सैल पडला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट पडला तर सूज, ठणका आणि पू होतो. थंडीच्या दिवसांत बंध सात दिवसांनी सोडून पाहावा, उन्हाळ्यात तीनच दिवसांनी, असेही त्यात आहे. म्हणजे कामटी बांधणाऱ्या परंपरेच्या मुळाशीच सावधपणा होता. गावोगावच्या हाडवैद्यांनी मनगटाच्या, नडगीच्या साध्या मोडी बऱ्या केल्या आहेत, लोकांचा विश्वास त्यातून आला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण कोपराची ही मोड त्या पद्धतीला पेलत नाही. सूज पहिल्या रात्री वाढत जाते आणि बांधलेली कामटी वाढत नाही. झाकलेल्या पट्टीखाली बोटे काळी-निळी पडत असतात आणि सकाळ होईपर्यंत कोणी उघडून पाहत नाही. त्याआधी चोळून झाले असेल तर सूज आणखी वाढलेली असते.

मग ओसरीवर करायचे काय? हात आहे त्या स्थितीत, थोड्याशा वाकात, एखाद्या पुठ्ठ्याच्या किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने सैल गुंडाळायचा. सरळ करायला जायचे नाही, वाकवायलाही नाही. बांगड्या, कडे, हातातला काळा दोरा, अंगठी काढून टाकायची. बोटे उघडी ठेवायची आणि पाहत राहायची: गुलाबी आहेत की पांढरी, ऊबदार आहेत की गार, नख दाबून सोडले की रंग लगेच परततो की नाही. हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तर त्यावर स्वच्छ कापड ठेवायचे. हळद, माती, तंबाखू काहीही भरायचे नाही. आणि वाटेत लेकराला खाऊ घालायचे नाही. ही गोष्ट ऐकायला कठोर वाटते. रडणाऱ्या लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा देणे ही माया आहे, पण पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञाला साधारण सहा तास थांबावे लागते. नुसत्या पाण्याला दोन तास पुरतात. परभणीला पोचल्यावर ज्या मुलाची नाडी लागत नाही, त्याचे हे तास फार मोलाचे असतात.

आणखी एक तपासणी अशी आहे की ती शाळेतल्या गुरुजींनाही करता येईल. दगड-कागद-कात्रीचा खेळ बहुतेक मुलांना येतो. दगडाची घट्ट मूठ वळली तर मधली नस शाबूत आहे. कागदासाठी मनगट आणि बोटे वर ताणली तर बाहेरच्या बाजूची. कात्रीसाठी दोन बोटे फाकली तर करंगळीच्या बाजूची. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवायला सांगायचे. गोल न होता दोन्ही टोके चपटी टेकली, तर मधल्या नसेची खोल फांदी दुखावली आहे. या मोडीत हीच फांदी सर्वांत जास्त वेळा दुखावते, आणि तिच्यामुळे कुठे बधिरपणा येत नसल्याने ती नेमकी नजरेतून सुटते. दिलासा असा की अशा बहुतेक नसा फक्त ताणलेल्या असतात आणि काही महिन्यांत आपोआप जाग्या होतात. पण भूल देण्याआधी कोणती बोटे हलत होती याची नोंद हवीच. नाहीतर नंतर नस मोडीने गेली की तारेने, हे कोणालाच सांगता येत नाही.

यानंतर 'फोटो'. गावाकडे एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात. लहान मुलाच्या कोपराचा एक्स-रे वाचणे अवघड असते, कारण सांध्याचा मोठा भाग अजून कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. हाड सहा ठिकाणी टप्प्याटप्प्याने उगवते, साधारण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास. त्यामुळे नवख्या डोळ्याला उगवते हाड मोडीचा तुकडा वाटतो आणि खरा तुकडा उगवते हाड वाटतो. शंका आली तर दुसऱ्या, चांगल्या कोपराचा फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवतात. कधी मोडीची रेषा दिसतच नाही, पण सांध्यात रक्त साठल्याने हाडामागची चरबी उचललेली दिसते. अशा कोपराला मोड आहे असे समजून प्लास्टरची पट्टी बांधणेच शहाणपणाचे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे जॉन गार्टलंड यांनी १९५९ साली या मोडीचे तीन प्रकार पाडले आणि आज सेलूपासून सिंगापूरपर्यंत केसपेपरवर तेच लिहिले जातात. पहिल्यात हाडाला तडा असतो, पण तुकडा जागेवर असतो. दुसऱ्यात तुकडा मागे कलतो, मात्र मागची कड जोडलेली राहते. तिसऱ्यात दोन्ही तुकडे पूर्ण सुटतात. एखादी मोड पुढे आणि मागे दोन्हीकडे घसरते, असा चौथा प्रकार २००६ साली त्यात आला. तो बहुधा भूल दिल्यावरच उघड होतो. गार्टलंड यांच्या लेखाचा रोख मोठा प्रामाणिक होता. एरवी सगळ्या मोडी हाताळणारे मुरलेले डॉक्टरही ही ताजी मोड समोर आली की धास्तावतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पहिल्या प्रकाराला तीन आठवडे कच्चे प्लास्टर पुरते. तिसऱ्याला शस्त्रक्रिया लागते. दुसऱ्याबद्दल मतभेद आहेत, तरी आता बहुतेक ठिकाणी त्यालाही तारा घालतात.

प्लास्टरवर का भागत नाही? शस्त्रक्रियेला घाबरणारे प्रत्येक घर हा प्रश्न विचारते आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. मागे सरकलेला तुकडा जागेवर बसवला की तो तिथे टिकवण्यासाठी कोपर बरेच वाकवून ठेवावे लागते, काटकोनाच्याही पुढे. मागचे स्नायू ताणले जातात आणि तेच हाडाला धरून ठेवतात. पण कोपर सुजलेले असताना इतके वाकवले की पुढची रक्तवाहिनी दाबली जाते. वाकवावे तर रक्त थांबते, सरळ ठेवावे तर हाड घसरते. हाडाला जे हवे तेच रक्तवाहिनीला सोसत नाही, आणि जगभरच्या डॉक्टरांनी शंभर वर्षे या पेचात काढली. तोडगा म्हणून हाताला वजन लटकावून मुलाला दोन-तीन आठवडे खाटेवर निजवत. अमेरिकेतल्या डनलॉप यांनी १९३९ साली सांगितलेला ताण यासाठी बरीच वर्षे वापरात होता. हात वाचे, पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला इतके दिवस एक माणूस रुग्णालयात बसवून ठेवणे परवडत नसे, आणि कोपर वाकडे जुळण्याची भीती राहायचीच.

पेच सुटला तो एका बारीक तारेने. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली हाडात घालायची गुळगुळीत पोलादी तार पुढे आणली होती. के-वायर म्हणतात ती हीच. १९४८ साली स्वेन्सन यांनी मुलांच्या कोपराची ही मोड कातडी न फाडता तारांनी धरून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७४ साली फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षांचा अनुभव मांडला. तोवर चालत्या एक्स-रे चित्राचे यंत्र सगळीकडे नव्हते. हाताच्या अंदाजाने तार घालायची आणि मग फोटो काढून पाहायचे. कोपराचा बाक आणि हालचाल किती अंशांनी कमी झाली यावर निकाल ठरवण्याची फ्लिन यांची मोजणी आजही वापरली जाते. तारेने केले ते इतकेच: हाड धरण्याचे काम स्वतःकडे घेतले, आणि कोपर वाकवून ठेवण्याची गरज संपवली. हाड तारेवर राहते, रक्तवाहिनी मोकळी राहते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया जवळून पाहावी अशी आहे, कारण तिच्याबद्दलची भीती तिच्या आकाराहून फार मोठी आहे. मुलाला पूर्ण भूल देतात. हात टेबलाच्या बाहेर आडवा घेतात आणि त्याच्यावर सी-आर्म, म्हणजे क्षणोक्षणी पडद्यावर हाड दाखवणारे एक्स-रे यंत्र, आणून ठेवतात. मदतनीस दंड धरतो आणि सर्जन खालचा हात थोड्या वाकात घेऊन ओढत राहतो. झटका द्यायचा नाही. ताण सलग आणि सावकाश. वरच्या तुकड्याचे टोक पुढच्या स्नायूतून आरपार गेले असेल तर कोपरासमोर कातडीला खळी पडलेली दिसते. अशा वेळी म्हशीची आचळे पिळावीत तसा तो स्नायू वरून खाली बोटांनी पिळत आणतात आणि हाड त्यातून अलगद सुटते. मग तुकडा डावी-उजवीकडे सरकला असेल तो सरळ करायचा, फिरला असेल तो परत फिरवायचा. शेवटी सर्जन अंगठा कोपराच्या मागच्या टोकावर ठेवून तुकडा पुढे रेटतो आणि त्याच वेळी कोपर पूर्ण वाकवतो. पडद्यावर तुकडा जागेवर येताना दिसतो.

तो खरोखर जागेवर आला की नाही, हे डोळ्याच्या अंदाजावर सोडत नाहीत. बाजूच्या चित्रात दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेने ओढलेली रेषा खालच्या गोल हाडाच्या मधल्या भागातून जायला हवी. समोरच्या चित्रात बाउमान यांनी सांगितलेला कोन पाहतात; तो चुकला तर कोपर पुढे वाकडे दिसणार हे तिथेच कळते. सगळे जमले की बाहेरच्या बाजूने कातडीतून तार टेकवायची आणि ड्रिलने सावकाश आत न्यायची, पलीकडची कड भेदेपर्यंत. लहान मुलाला साधारण १.६ मिलिमीटर जाडीची, मोठ्याला २ मिलिमीटरची. दोन किंवा तीन तारा, आणि मोडीच्या रेषेपाशी त्या एकमेकींपासून लांब हव्यात. सगळ्या एकाच ठिकाणी जमल्या तर तुकडा त्यांच्याभोवती फिरतो. मग कोपर मोकळे करून पडद्याखाली हलवून पाहतात, मनगटाची नाडी पाहतात, तारांची बाहेरची टोके वाकवून कापतात आणि गॉजखाली तशीच ठेवतात. कच्चे प्लास्टर काटकोनापेक्षा कमी वाकात, सैल कापसावर. कुठे चिरा नाही, टाका नाही. सरळ मोड असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

एक तार आतल्या बाजूने घालून दोन तारांची फुली करावी की सगळ्या बाहेरून घालाव्यात, हा वाद पुष्कळ रंगला. फुलीची पकड पिळाला जास्त टिकते. पण आतल्या बाजूला, करंगळीकडे जाणारी नस हाडाला अगदी लागून वळते. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी हीच. सुजलेल्या कोपरात ती बोटाला लागत नाही आणि तार तिच्यावर जाऊ शकते. लॉस एंजेलिसच्या डेव्हिड स्कॅग्ज यांनी २००४ साली फक्त बाहेरून तारा घातलेल्या १२४ मोडींचा लेखाजोखा दिला. त्यात एकही तुकडा घसरला नाही आणि तारेने एकही नस दुखावली नाही. तेव्हापासून बहुतेकांचा कल बाहेरच्या बाजूकडे आहे. आतली तार लागलीच तर छोटी चीर देऊन, नस बाजूला आहे हे पाहून घालणे बरे, असेच या लेखनाचेही मत आहे.

नाडी लागत नसेल तर? आधी हाड जागेवर आणायचे, रक्तवाहिनीचा फोटो काढण्यात वेळ घालवायचा नाही. बहुतेक वेळा हाड बसले की बोटे गुलाबी होतात आणि नाडी परतते. बोटे गुलाबी आणि ऊबदार आहेत, फक्त नाडी लागत नाही, असे झाले तर मुलाला रुग्णालयात ठेवून तासातासाला पाहतात. पण हाड बसूनही बोटे पांढरी आणि गार राहिली तर पुढून उघडून रक्तवाहिनी मोकळी करावीच लागते, लागल्यास जोडावी लागते. याच्या उलट, नाडी चांगली आहे, बोटे हलत आहेत आणि रात्रीचे अकरा वाजले आहेत, अशा मुलाला मध्यरात्री थकलेल्या हातांनी घाईने घ्यायलाच हवे असे नाही. आठ तासांच्या आत आणि नंतर केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा गुंतागुंतीत फरक आढळला नव्हता. सैल पट्टी बांधून, पहारा ठेवून, सकाळी अनुभवी सर्जन आणि भूलतज्ज्ञाकडून केलेले बरे. वालूरहून रात्री निघालेल्या बापाला हे माहीत असेल तर त्याची वाटेतली घालमेल निम्मी कमी होईल. कुठे धावायचे आणि कुठे थांबता येते, ते बोटांचा रंग सांगतो.

कोपराच्या इतर मोडी संख्येने कमी, पण त्यांतली एक फार फसवी आहे. बाहेरच्या कडेचे हाड, लॅटरल कॉन्डाइल, मोडते तेव्हा एक्स-रेत फक्त हाडाची एक टिकली हललेली दिसते. प्रत्यक्षात तिच्यासोबत सांध्याच्या कूर्चेचा मोठा तुकडा गेलेला असतो. सूज बेताची असते, मूल दोन दिवसांत खेळू लागते. पण सांध्यातले पाणी मोडीत शिरत राहते आणि हे हाड जुळत नाही. दोन मिलिमीटरहून जास्त सरकलेली मोड उघडून, सांधा डोळ्यांनी पाहून, तारांनी किंवा स्क्रूने बसवावी लागते. दुर्लक्ष झाले तर कोपर हळूहळू बाहेर वळत जाते आणि वीस-वीस वर्षांनी करंगळी बधिर होऊन हाताची पकड जाऊ लागते. तरुणपणी आलेल्या या दुबळेपणाचा संबंध बालपणीच्या पडण्याशी आहे, हे त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. दुसरी चुकणारी गोष्ट म्हणजे मिलानच्या मोंटेजिया यांनी १८१४ साली, एक्स-रे येण्याच्या ऐंशी वर्षे आधी, वर्णन केलेली जखम: हाताचे एक हाड मधे मोडते आणि दुसऱ्याचे डोके कोपरातून निखळते. फोटोत कोपर आलेच नाही तर मोड सांधली जाते आणि निखळलेले डोके तसेच राहते.

वाकड्या कोपराबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. मुलांचे हाड वाकडे जुळले तरी वाढीत सरळ होते, हे मनगटाबाबत बरेचसे खरे आहे. कोपराबाबत नाही. दंडाच्या हाडाची लांबी मुख्यतः खांद्याकडून वाढते. कोपराकडचा वाटा सुमारे पाचवा हिस्साच. पुढे-मागे राहिलेला थोडा कल लहान वयात भरून येतो, पण आतल्या बाजूला वळलेले कोपर जन्मभर तसेच राहते. अशा हाताने काम होते, दुखतही नाही, म्हणून डॉक्टर त्याला रूपाचा दोष म्हणत आले. पण मुलीचा हात बाहेर न जाता आत वळलेला दिसला की गावात लग्नाच्या बोलण्यात त्याची चर्चा होते. हाड पाचरीच्या आकारात कापून कोपर सरळ करण्याची शस्त्रक्रिया नंतर करता येते. फ्रेंच यांनी १९५९ साली सांगितलेली पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली गेली. पण ती पहिल्या दिवशीच्या दोन तारांपेक्षा कितीतरी मोठी शस्त्रक्रिया आहे.

महाराष्ट्रात मुलांची हाडे ही स्वतंत्र विद्या मानली गेली त्यात मुंबईचा वाटा मोठा. परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ सालचे, आणि केईएम-वाडियाच्या परिसरात डॉ. पेरीन मुल्लाफिरोज यांच्यासारख्या शल्यचिकित्सक बाईंनी या विद्येचा पाया भक्कम केला. आता वालूरच्या लेकराला परळ गाठावे लागत नाही. सेलूला प्राथमिक उपचार आणि फोटो, परभणीला अस्थिरोगतज्ज्ञ; २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रक्तवाहिनीचा प्रश्न असेल तर नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. परभणीसह १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ पूर्वीपासून आहे. कोणत्या रुग्णालयात काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे, आणि निघतानाच रेशनकार्ड व आधार पिशवीत टाकावे.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र जागरणाची. मूल औषध देऊनही कळवळत राहिले, वेदनाशामक पुन्हा पुन्हा मागू लागले, बोटे सरळ करताच ओरडले, तर 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' म्हणून गप्प बसायचे नाही. नर्सला उठवायचे, प्लास्टर कापसापर्यंत चिरायला लावायचे. त्यानंतर काळजी तारांची. त्या तीन-चार आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता, काढतात. मूल घाबरते, पण काम क्षणाचे असते. इथे मराठवाड्याची एक खास अडचण आड येते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि लेकरे आईबापांबरोबर कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात. तारा घातलेले लेकरू उसाच्या फडावर गेले की त्याची तारीख चुकते. प्लास्टर धुळीने मळते, पाण्याने भिजते, तारेच्या तोंडाशी पू होतो, कधी तार आत सरकते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर तारा किती, केव्हा काढायच्या, हे मराठीत ठळक लिहिलेले असावे. तो कागद जवळ असेल तर इस्लामपूरचा किंवा कराडचा अस्थिरोगतज्ज्ञही त्या काढू शकतो. डॉक्टरांनीही भरती करतानाच विचारावे: यंदा तोडीला जाणार का?

आणि तारा निघाल्या की कोपर ताठ असते. घरचे घाबरतात, तेल लावून ओढायला, चोळायला लागतात. कोपर हा सांधा जबरदस्ती सोसत नाही. जोराने ओढले तर आजूबाजूच्या स्नायूत हाडासारखा चुना साठतो आणि उरलीसुरली हालचालही जाते. मुलाला त्याच्या हाताने जेवू द्यावे, केस विंचरू द्यावेत, चेंडू फेकू द्यावा. हालचाल काही आठवड्यांत बरीचशी परतते. शेवटचे काही अंश यायला कधी वर्ष लागते.

पुढच्या प्रकरणांत यातली एकेक पायरी चित्रांसह येते. आईबाप, आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षक यांच्यासाठी पहिल्या तासाचे प्रकरण वेगळे काढले आहे; ते वाचायला बाकीच्या पानांची गरज नाही. लॅटरल कॉन्डाइल आणि मोंटेजिया यांची प्रकरणे तालुक्याच्या ठिकाणी फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना उद्देशून आहेत. ज्यांच्या घरात आत्ताच कोणी पडले असेल त्यांनी ही प्रस्तावना इथेच सोडावी, लेकराची बोटे पाहावीत आणि गाडी बोलवावी.